निवळ ओढ्यातले ट्राउट: माशी डोक्यावरून जाते, मासा मात्र वळतो

काठाकाठाने
ओढ्यात ट्राउट धरायचे आहेत, गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या माशीने. पाणी घोट्यापासून मांडीपर्यंत, तळातले गोटे मोजता यावेत इतकं निवळ. रुंदी चार ते सहा मीटर, दोन्ही काठांना झुडपं, दोन-तीन डोह आणि बाकी खळाळ. सामान असं: ९ फुटी ५ वजनाची (म्हणजे ५ नंबरच्या लाइनीसाठीची) रॉड, वेट-फॉरवर्ड (पुढच्या भागात जड) तरंगती लाइन, ९ फुटी ४एक्स लीडर (लाइन आणि माशी यांच्यामधला निमुळता पारदर्शक दोरा), आणि १४ नंबरची पॅराशूट अ‍ॅडम्स ही तरंगती माशी (नंबर जितका मोठा तितकी माशी लहान).

अडचणी तीन. डोहातले मासे पहिल्या-दुसऱ्या फेकीलाच पळतात. जे थांबतात ते माशीखाली येतात, तिच्याबरोबर हातभर मागे वाहत जातात आणि तोंड न उघडता खाली उतरतात. आणि ऐन दुपारी खळाळातसुद्धा काही हलत नाही. माश्यांचे नमुने बदलून पाहिले आहेत. आधी काय सुधारायचं आणि नंतर काय, हे क्रमाने कळलं तर बरं होईल.

निवळशंख
तिन्ही अडचणींची कारणं वेगळी आहेत. पहिलीबद्दल लिहितो.

पळणारा मासा माशीमुळे पळत नाही. तुम्ही, तुमची सावली, हवेतली लाइन किंवा पाण्यातला हादरा, यांपैकी काहीतरी त्याला आधीच कळलेलं असतं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीतूनच दिसतं. पृष्ठभागावर प्रकाश वाकतो, त्यामुळे या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश असतो आणि तिचा व्यास मासा जितका खोल असेल त्याच्या सव्वादोनपट. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर खिडकी जेमतेम ६८ सेंटीमीटरची, ६० सेंटीमीटरवर असेल तर १३६ ची. तिच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात तळाचं प्रतिबिंब असतं.

खिडकी लहान म्हणून मासा आंधळा, असं मात्र नाही. क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य तिच्या कडेला दाबून बसवलेलं असतं. पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली जे असेल ते इतकं चपटं होतं की त्यातून त्याला फारसं काही कळत नाही. आता हिशेब करा. १० मीटर अंतरावर १० अंश म्हणजे पावणेदोन मीटर उंची, ६ मीटरवर जेमतेम १ मीटर. म्हणून १० मीटरवर पाण्यात उभं राहिलेलं चालतं, ६ मीटरवर गुडघ्यावर बसावंच लागतं. काठावर उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण काठाची उंची तुमच्या उंचीत मिळवली जाते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो आणि त्याच्या शेपटीमागे एक अरुंद आंधळा पट्टा असतो. खालून वर जायचं ते याच कारणाने. दुसरा फायदा असा की तुमच्या पायांनी उठलेला गाळ मागे वाहतो, माशाकडे जात नाही.

हादऱ्याचं महत्त्व बहुतेकांना पटत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्याची लहानशी हालचालही टिपते. बुटाखाली गोटे कुरकुरले, काठीचं लोखंडी टोक दगडावर आपटलं, की डोह संपला. संथ डोहात चालताना पुढे लाट ढकलली जाते. ती लाट माशापर्यंत पोचेल असं वाटलं तर थांबा, पाणी पुन्हा सपाट होऊ द्या. एका पावलाला पाच-सहा सेकंद लागले तरी हरकत नाही. खळाळात हे बंधन सैल होतं, कारण तिथे पाण्याचाच आवाज मोठा असतो आणि फुटलेल्या पृष्ठभागामुळे खिडकीही धूसर होते.

खोट्या फेकी (लाइन पाण्यावर न टेकवता हवेत पुढेमागे झुलवणं) माशाच्या डोक्यावर करू नका. लाइनीची सावली पडते आणि लाइनीवरचे थेंब झडतात. लाइनीची लांबी बाजूच्या दिशेला मोजून घ्या आणि शेवटची फेक तेवढी माशाकडे वळवा.

चौथी_गाठ
वरच्याला अनुमोदन. आता लीडर. या पाण्याला ९ फुटी ४एक्स आखूडही आहे आणि जाडही.

एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की टिपेटची, म्हणजे लीडरच्या टोकाच्या बारीक दोऱ्याची, जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ४एक्स म्हणजे ०.००७ इंच (०.१८ मिमी), ५एक्स ०.००६ (०.१५), ६एक्स ०.००५ (०.१३). फरक किरकोळ वाटतो, पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. त्यामुळे ४एक्स हा ६एक्सपेक्षा जवळजवळ चौपट ताठ. बारीक टिपेट माशाला कमी दिसतो म्हणून उपयोगी, असं बहुतेक जण धरून चालतात; खरा उपयोग त्याच्या मऊपणाचा आहे. मऊ टिपेट प्रवाहाच्या लहान वळणांबरोबर वळतो आणि माशीला ओढत नाही.

टिपेट निवडायला माशीच्या नंबराला ३ ने भागा. १४ ला ४ ते ५एक्स, १६ ला ५एक्स, १८ ला ६एक्स. १४ च्या भरगच्च माशीला ६एक्स लावला तर ती हवेत भिंगरीसारखी फिरते आणि टिपेटला पीळ बसतो. उलट १८ च्या माशीला ४एक्स लावला की ती दोरीला बांधल्यासारखी वागते.

आहे तोच लीडर वापरून १२ फुटी करता येतो. ४एक्स टोकाचे ३० सेंटीमीटर कापा, त्याला ६० सेंटीमीटर ५एक्स जोडा, पुढे ७० ते ७५ सेंटीमीटर ६एक्स. दोन्ही जोडांना तीन वेढ्यांची सर्जन गाठ. दोन टोकं १५ सेंटीमीटर एकमेकांवर ठेवायची, दोन्ही मिळून एक फास करायचा, नवा टिपेट संपूर्ण आणि जुन्याचं टोक असे दोन्ही फासातून तीनदा काढायचे, थुंकीने ओले करायचे आणि चारही टोकं एकदम ओढायची. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमकुवत होतो. माशी गेल्यावर उरलेलं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सुटलेली आहे. टोक सरळ तुटलं असेल तर टिपेटच तुटला. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून दरवेळी टोक बघायची सवय लावा.

आणखी एक. टिपेटला मध्येच आपोआप पडणारी साधी गाठ, तिला वाऱ्याची गाठ म्हणतात, ताकद सुमारे निम्म्यावर आणते. दर दहा-बारा फेकींनंतर टिपेट दोन बोटांतून ओढून पाहा. गाठ असेल तर सोडवत बसू नका, कापा.

काठाकाठाने
धन्यवाद, हिशेबासकट कळलं. दोन शंका. पाणी इतकं निवळ आहे तर नायलॉनऐवजी फ्लुरोकार्बनचा टिपेट घ्यावा का? आणि ५ वजनाची रॉड बदलावी लागेल का?

चौथी_गाठ
तरंगत्या माशीला नायलॉन. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे तो कमी दिसतो हे खरं, पण अदृश्य होत नाही. त्याची घनता मात्र १.७८ आणि नायलॉनची १.१४ च्या आसपास. तो बुडतो आणि बारीक माशीचं नाक खाली ओढतो. पाण्याखालच्या निम्फला (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल करणाऱ्या बुडत्या माशीला) तोच गुण फायद्याचा, शिवाय तो दगडावर घासून लवकर झिजत नाही.

निवळ, उथळ आणि उन्हातल्या पाण्यात टिपेटपेक्षा त्याची सावली जास्त नडते. पृष्ठभागावर तरंगणारा टिपेट पाणी किंचित दाबतो आणि तळावर जाड काळी रेघ पडते. मुलतानी माती, थोडा भांडी घासायचा द्रवसाबण आणि दोन-चार थेंब ग्लिसरीन यांचा घट्ट गोळा करून डबीत ठेवा. माशीजवळचा ४०-५० सेंटीमीटर टिपेट त्यातून ओढला की वरचा तेलकटपणा जातो आणि तो पृष्ठभागाच्या लगेच खाली बसतो. माशीला लावायचं तेल टिपेटला लागू देऊ नका, नाहीतर सगळं उलटं होतं.

खळाळ
रॉडचं मी सांगतो. लाइनीचं वजन पहिल्या ३० फुटांवरून ठरतं: ३ वजनाला १०० ग्रेन, ४ ला १२०, ५ ला १४०, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. चार-सहा मीटर रुंद ओढ्यात रॉडच्या टोकाबाहेर लाइन असते ३-४ मीटर, आणि तिचा पुढचा भाग निमुळता. म्हणजे रॉडवर तिच्या ठरलेल्या वजनाच्या तिसऱ्या भागाइतकाही भार येत नाही. ती वाकत नाही, मग माणूस जोर लावतो, आणि लाइन पाण्यावर आपटते. घ्यायचीच असेल तर साडेसात-आठ फुटी ३ वजनाची, मध्यापर्यंत वाकणारी रॉड या पाण्याला योग्य. आहे त्याच ५ वर भागवायचं असेल तर एक नंबर जड लाइन लावली की जवळच्या फेकीला रॉड वाकते. पण जड लाइन जाडही असते आणि तिचा पाण्यावरचा धक्का मोठा, म्हणून लीडर १२ फुटांपेक्षा आखूड ठेवू नका.

झुडपांसाठी दोन फेकी हातात बसवा. रोल फेकीत लाइन मागे जातच नाही. रॉडचं टोक हळू मागे आणायचं, लाइन कोपराच्या मागे सैल लोंबेपर्यंत थांबायचं, मग पुढे झटका देऊन उंचावरच थांबवायचं. लाइनीचं टोक पाण्याला चिकटलेलं हवं, त्याच्याशिवाय रॉडला भार मिळत नाही. पूर्ण हवेत उचलून रोल करायला गेलं की सगळा गुंता पायाशी पडतो. दुसरी धनुष्य फेक. रॉडच्या टोकाबाहेर जवळपास लीडरच ठेवायचा, माशी गळाच्या वाकाशी चिमटीत धरायची, टोक बोटापासून लांब, मागे ओढून रॉड वाकवायची आणि सोडायची. सोडताना रॉड हलवायची नाही. फांदीखालच्या कपारीत दुसरं काही पोचत नाही.

वाऱ्याच्या गाठी बहुतेक वेळा वाऱ्याने पडत नाहीत. पुढच्या फेकीत सुरुवातीलाच जोर लावला की रॉडचं टोक मध्ये खाली बुडतं आणि लाइनीचा वरचा पदर खालच्याला छेदतो. जोर हळूहळू वाढवून शेवटी थांबवा, गाठी कमी होतील.

निवळशंख
आता दुसरी अडचण, मासा माशीखाली मागे वाहतो आणि घेत नाही. याचं पहिलं कारण ओढ, ज्याला सगळे ड्रॅग म्हणतात. मागे पाण्यात रेघ उमटवणारी ओढ दिसते. ट्राउटला नकार द्यायला त्याच्या दशांशही पुरते, आणि ती आपल्याला आठ मीटरवरून दिसत नाही. ती ओळखायची एकच खात्रीची रीत: माशीशेजारून वाहणारा फेसाचा बुडबुडा पाहा. दोघं बरोबर निघाले आणि मीटरभरात माशी एक बोट पुढे किंवा मागे पडली, तर ओढ आहे.

ओढ्यात शेजारी शेजारी वेगळ्या वेगाच्या धारा असतात. वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण असते तिथेच मासा उभा असतो: अंग संथ पाण्यात, तोंड धारेकडे. तुमची लाइन पडते तिसऱ्याच धारेत. पहिला उपाय फेकीचा नसून जागेचा. दोन पावलं बाजूला सरकून, लाइन आणि माशी एकाच वेगाच्या पाण्यात पडतील अशी जागा शोधा. ते जमत नसेल तर लाइन पाण्यावर ठेवूच नका. रॉड उंच धरून फक्त लीडर टेकवा. पाच-सहा मीटरवर हे सहज होतं. तिसरा उपाय ढीग फेक: नेहमीपेक्षा थोडं वर नेम धरून रॉड थांबवायची आणि लगेच टोक खाली आणायचं, म्हणजे टिपेट वेटोळी करून पडतो. ती वेटोळी सुटेपर्यंत माशी मोकळी वाहते.

डोहाची शेपटी, म्हणजे जिथून पाणी उंबऱ्यावरून पुढच्या खळाळात सांडतं ती जागा, ओढीसाठी सगळ्यात वाईट. उंबऱ्यावर पाणी अचानक वेग घेतं, आणि तुम्ही खाली उभे असल्यामुळे लाइन नेमकी तिथे पडते. तिथे उंबऱ्याच्या अगदी खाली गुडघ्यावर बसा, लाइन उंबऱ्यावरच्या दगडावर किंवा हवेत राहील अशी धरा, आणि पाण्यात फक्त टिपेट असू द्या. शेपटीतला मासा आधी घ्यायचा, कारण तो पळाला तर वर धावतो आणि सगळा डोह सावध करतो.

माशी कुठे टाकायची तेही खिडकीवरून ठरतं. ३० सेंटीमीटर खोल मासा असेल तर त्याच्या डोक्यापासून ३४ सेंटीमीटरवर खिडकी संपते. माशी तिच्या बाहेर, माशाच्या पुढे ६० ते ९० सेंटीमीटरवर आणि एक वीत बाजूला पडू द्या. डोक्यावर पडलेली माशी हादरवते, दोन मीटर पुढे टाकलेली माशापर्यंत येईतो ओढीत सापडते.

पाणकिडा
ओढ नाहीच अशी खात्री झाली, तरी नकार मिळतोय असं धरून लिहितो. मग नंबर, मग अवस्था, मग आकार आणि सर्वांत शेवटी रंग, या क्रमाने बदला. लोक नेमकं उलटं करतात, रंगापासून सुरुवात करतात.

१४ नंबर या पाण्याला बहुतेक वेळा मोठा आहे. नकार मिळाला की १६, मग १८. मधे दोन-तीन मिनिटं मासा निवांत सोडा, तो पुन्हा दोनदा वर येऊन खाऊ द्या, मगच पुढची फेक.

अवस्थेसाठी माशाचं वर येणं वाचायला शिका. नाक, मग पाठ, मग शेपटी दिसली आणि मागे बुडबुडा राहिला तर त्याने पृष्ठभागावरचं खाल्लं. बुडबुडा ही तोंडातून सुटलेली हवा. पाणी फुगलं, पाठ दिसली पण बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या खाली, वर येणारे किडे खातोय. अशा वेळी तरंगती माशी तासभर टाकली तरी उपयोग नाही. उसळून पाणी उडवत घेत असेल तर बहुधा कॅडिस ही पाण्यात वाढणारी माशी, कारण तिचा कोष झपाट्याने वर येतो. हलकी गोल वलयं, एकाच जागी पुन्हा पुन्हा, म्हणजे मिजेस (चिलटांसारखे बारीक किडे) किंवा अंडी घालून पंख पसरून पडलेल्या मेफ्लाय.

ओढ्यात काय आहे ते पाहायला गुडघाभर खळाळातला मुठीएवढा दगड उचला. चपटे, तीन किंवा दोन शेपट्यांचे, पोटाच्या बाजूंना कल्ले हलवणारे ते मेफ्लायचे निम्फ. दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या आणि पोटाला कल्ले नसलेले ते स्टोनफ्लाय. वाळूच्या किंवा काड्यांच्या नळकांड्यात राहणारी अळी कॅडिसची. दगड होता तसाच परत ठेवा, त्याखाली अजून बरेच जीव असतात. किड्याची लांबी गळाच्या दांड्याशी लावून पाहा, नंबर तिथेच ठरतो.

मेफ्लायचं एक वैशिष्ट्य: पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा हा एकमेव कीटकवर्ग. पाण्यातून निघालेली मळकट पंखांची, नंतर काचेसारख्या पंखांची. ट्राउट दोन्ही खातो, पण एका वेळी बहुतेकदा एकच. संध्याकाळी पाण्यालगत पाहिल्यावर काचेसारखे पंख सपाट पसरलेले दिसले तर उभ्या पंखांची अ‍ॅडम्स काढून ठेवा.

पेटीत फार काही नको. पॅराशूट अ‍ॅडम्स १४ ते १८ (मूळ अ‍ॅडम्स १९२२ मध्ये मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलाडे यांनी बांधली, ती कोणत्याही एका किड्याची नक्कल नाही आणि म्हणूनच ती इतक्या ठिकाणी चालते), एल्क हेअर कॅडिस १४ ते १६, ग्रिफिथ्स नॅट १८ ते २०, फेझंट टेल निम्फ १६ ते १८, हेअर्स इअर १४ ते १६, काळा भुंगा १४ आणि मुंगी १६ ते १८. फेझंट टेल इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची. त्यांनी दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली, म्हणजे बांधणी आणि वजन एकाच वस्तूत. निवळ पाण्यात तिच्या सडपातळपणाला तोड नाही.

भुंगा आणि मुंगी मुद्दाम सांगतोय. उन्हाळ्यात दुपारी पाण्यातून किडे निघणं थांबतं, पण झुडपांतून पडणं सुरूच असतं. फांद्यांच्या सावलीत, काठापासून एक वीत अंतरावर भुंगा टाका. तो जरा ‘टप’ असा पडला तरी चालतो. भुंगा तसाच पडतो.

काठाकाठाने
वर येणं वाचायचं हे नवीन कळलं, डोहात बुडबुडा नसलेली फुगवटीच जास्त दिसते. मग निम्फ लावायचा तर इतक्या उथळ पाण्यात मासा लागल्याची खूण दाखवणारं तरंगतं बोंड टाकलं की मासे दचकतात. काय करावं?

खळाळ
बोंड नको. एल्क हेअर कॅडिस १४ वर लावा आणि तिच्या गळाच्या वाकाला टिपेट बांधून खाली निम्फ. वरची माशीच खूण. पाणी ५० सेंटीमीटर असेल तर खालचा टिपेट ५० ते ६० सेंटीमीटर, ५एक्स किंवा ६एक्स. निम्फ १६ नंबर, टंगस्टनचा मणी २ मिलिमीटर. २.५ चा मणी लावला तर १४ ची माशी बुडते, आणि मग दोन्ही कामातून जातात.

तळाजवळ पाणी पृष्ठभागापेक्षा हळू असतं. म्हणून वरची माशी बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालली तर निम्फ खाली योग्य जागी आहे. बुडबुड्यांच्या वेगाने चालली तर निम्फ मधल्या पाण्यात लटकतोय, टिपेट १० सेंटीमीटर वाढवा. दर फेकीला अडकत असेल तर १० सेंटीमीटर कमी करा. कॅडिस क्षणभर थबकली, तिरकी सरकली, बुडाली, काहीही झालं तरी रॉड उचला. बुडण्याची वाट पाहू नका. तोवर माशाने निम्फ थुंकलेला असतो.

डोहातल्या फुगवट्यांना वजन नको. अ‍ॅडम्सच्या मागे २५ सेंटीमीटरवर मणी नसलेला १८ चा फेझंट टेल, पृष्ठभागाच्या लगेच खाली.

चौथी_गाठ
जोडीला: माशीला तरंगवायचं तेल ती ओली होण्याआधी लावा, तांदळाच्या दाण्याएवढंच, बोटांवर चोळून. बुडालेल्या माशीला वरून तेल लावलं तर पाणी आतच कोंडतं. आधी कापडात दाबून पाणी काढा, मग कोरडी पूड. बदकाच्या सीडीसी (शेपटीजवळच्या तेलकट) पिसांच्या माशीला जेल अजिबात नको. तंतू चिकटतात आणि पीस मेल्यासारखं होतं.

ओला_हात
तिसऱ्या अडचणीचं उत्तर थर्मामीटरमध्ये आहे. कोणत्याही माशीच्या आधी तो पाण्यात घाला: सावलीत, वाहत्या धारेत, मिनिटभर. १० ते १६ अंश सेल्सिअस असेल तर ट्राउट खातो. १८ च्या वर तो धाप टाकू लागतो, २० ला मासेमारी थांबवायची.

कारण साधं आहे. १० अंशाला पाण्यात लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला ९.१. पाणी तापताना माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा पाण्यात दमवलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि नंतर मरतो, ते आपल्याला कळत नाही. म्हणून दुपारी काही हलत नसेल तर भुंगा लावण्याआधी तापमान बघा. कदाचित त्या वेळी तिथून निघून जाणंच योग्य असेल. उन्हाळ्यात पाणी सगळ्यात थंड पहाटे असतं, संध्याकाळी नव्हे. संध्याकाळच्या पाण्यात दिवसभराची उष्णता साठलेली असते.

पाणकिडा
थोडा मतभेद. २० ही सरसकट रेघ धरू नये. ब्रुक ट्राउट थंड पाण्याचा, त्याच्यासाठी मी १८ लाच थांबेन.

ओला_हात
मान्य. ओढ्यात ब्रुक असतील तर १८. शंका असेल तेव्हा खालचा आकडा धरावा.

सोडण्याबद्दल. गळाचा उलटा काटा चिमट्याने आडवा दाबून बसवा, कापडावरून ओढल्यावर अडकला नाही तर तो बसला. रबरी जाळीची झोळी घ्या, गाठींच्या दोऱ्याची झोळी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते. हात ओले करायचे ते याच थरासाठी. ६एक्स आहे म्हणून मासा जपून-जपून खेळवत दमवू नका. रॉड उभी न धरता पाण्यालगत आडवी वळवा, मासा डावीकडे गेला की उजवीकडे ताण. बाजूच्या ताणाने तो लवकर तोल सोडतो. गळ झोळीतच, पाण्याखाली काढा. हवेत १० सेकंदांच्या आत. सोडताना तोंड प्रवाहाकडे, पोटाखाली हात, आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत धरा. पुढेमागे हलवू नका. कल्ल्यांत पाणी पुढूनच जायला हवं.

काठाकाठाने
पायांखालचं काय? निसरडं आहे, आणि गोट्यांमध्ये मधेच फिकट स्वच्छ चट्टे दिसतात.

ओला_हात
त्या फिकट चट्ट्यांवर पाय ठेवू नका! बशीसारखा खोलगट, शेवाळ नसलेला, खालच्या अंगाला खड्यांचा उंचवटा असलेला चट्टा म्हणजे मादीने शेपटीने खणून केलेलं अंड्यांचं घर. अंडी त्या उंचवट्यात, खड्यांखाली असतात. ब्राउन आणि ब्रुक या जातींचे ट्राउट शरदात अंडी घालतात, रेनबो आणि कटथ्रोट वसंतात. चट्टा विझत गेला, वर शेवाळ आलं, तरी आत पिल्लं काही महिने असू शकतात. अशा जागेवर उभ्या असलेल्या माशाला माशी टाकायचीच नाही. ओलांडायचं असेल तर मोठ्या गोट्यांच्या किंवा खडकाच्या भागातून.

चालताना एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलू नका. उचलण्यापेक्षा घासत सरकवा. धारेला अंगाची कड द्या, छाती नाही. कंबरेचा पट्टा घट्ट हवा, म्हणजे पडल्यावर वेडर्समध्ये (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटमध्ये) पाणी भरत नाही. पडलात आणि वाहू लागलात तर पाठीवर, पाय पुढे, आणि जोराच्या धारेत उभं राहायचा प्रयत्न नको, पाय दगडात अडकतो.

बुटांना फेल्टचा तळवा चांगली पकड देतो, पण तो ओला राहतो आणि एका ओढ्यातलं शेवाळ किंवा गोगलगायी दुसऱ्यात नेतो. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं, आणि २००८ मध्ये तिथे फेल्टवर बंदी आली. रबरी तळवा आणि खिळे घ्या. खिळ्यांचा आवाज होतो, म्हणून संथ डोहात शक्य तेव्हा काठालगतच्या वाळूवरून जा.

काठाकाठाने
सगळं नोंदवून घेतलं. शेवटचं एकच: एकाच डोहाला तोंड देताना हे सगळं कोणत्या क्रमाने?

निवळशंख
उंबऱ्याच्या दहा मीटर खाली थांबा. तापमान घ्या. ध्रुवित (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा लावून, तांबूस काचेचा असेल तर उत्तम, पाच मिनिटं नुसतं पाहा: आधी शेपटी, मग शिवणी, मग डोहाचं तोंड. मासा शोधू नका. सावली, हलणारी शेपटी, उघडणाऱ्या तोंडाची पांढरी चमक शोधा. निम्मे मासे त्यांच्या सावलीवरूनच सापडतात.

मग गुडघ्यावर, शेपटीतल्या सगळ्यात खालच्या माशाला. अ‍ॅडम्स १६, पुढे १८ लाही चालावा म्हणून ६एक्स, टिपेट मातीतून ओढलेला. दोन फेकी. घेतली नाही तर तीन मिनिटं थांबून १८. तरी नाही तर मागे फेझंट टेल. त्याला पाच-सहा फेकींपेक्षा जास्त देऊ नका, पुढच्या शिवणीकडे सरका. माशी संपूर्ण वाहून माशाच्या मागे गेल्यावरच लाइन उचला, त्याच्या डोक्यावरून उपटू नका. डोहाच्या तोंडाशी, जिथे खळाळ आत पडतो, तिथे कॅडिस आणि निम्फची जोडी. तिथलं पाणी फुटलेलं असल्यामुळे टिपेट ५एक्स चालतो, आणि तिथे उभं राहिलंत तरी चालतं.

चौथी_गाठ
आणि प्रत्येक माशानंतर शेवटचे १० सेंटीमीटर टिपेट कापून गाठ नव्याने बांधा. ट्राउटच्या दातांनी तो खरखरीत झालेला असतो, बोटाला लगेच कळतं.